उपयोगिता प्रमाणपत्र

एकोणतीस मार्चला पैसे आले.
वर्षाचे. पहिला हप्ता म्हणून.
एकतीसच्या आत खर्च दाखवा, नाहीतर शासनजमा करा,
खाली साहेबांची सही, हिरव्या शाईत.

मुलचेऱ्यातली ही दीड खोली,
दारावर पाटी : नागरिकत्व व कायदेविषयक साहाय्य केंद्र.
अकरा महिने उधारीवर चाललं.
झेरॉक्सवाल्या तपनची वही
आमच्या कॅशबुकापेक्षा जाड झाली.
प्रणोती वकीलबाई चामोर्शीहून एसटीनं येतात,
तिकिटं पर्सच्या चोरकप्प्यात ठेवतात.
आज ती उन्हाकडे धरून मी तारखा शोधते.
शाई उडाली आहे.
कोरं तिकीट ऑडिटर मानत नाही,
माणूस आला होता एवढंच ते सांगतं.

रकाना चार : लाभार्थी संख्या.
दोनशे सोळा.
रकाना पाच : निकाली प्रकरणे.
इथं पेन अडला.

खिरोदाबाला बिस्वास, गाव नंबर नऊ.
रेशनकार्डावर शिरोदा,
सातबाऱ्यावर श्रीराधा,
मतदार यादीत पुरुष.
पत्र्याच्या पेटीत एक बॉर्डर स्लिप,
वाळवीनं नेमकं सालच खाल्लेलं.
जन्मस्थान विचारलं की म्हणायची,
"गाव तर नदीनं खाल्लं, मा.
नदीला समन्स काढ."
आणि स्वतःच हसायची, बोळक्या तोंडानं.
साठ वर्षं इथल्या धानात वाकून रोवणी केली,
भांडायची अस्सल झाडीपट्टीच्या बोलीत,
पैसे मोजायची मात्र बंगालीत, ओठातल्या ओठात.

चौदा हेलपाटे. पंधराव्याला तिचा मुलगा आला,
डोकं भादरलेला.
मी संगणकावर पाहिलं :
अर्जदार अनुपस्थित. प्रकरण बंद.
म्हणजे नियमानं ती निकालीत धरायची.
एकोणचाळीसचे चाळीस होतात
आणि चाळीस झाले की पुढचा हप्ता सुटतो.

मी काही त्या गावची नाही. माझा बाप ढिवर,
सात पिढ्या याच मातीतला, असं तो म्हणतो.
वनहक्काच्या दाव्यात त्यालाही विचारलं,
तीन पिढ्यांचा पुरावा आण.
तो साहेबाला बोडीवर घेऊन गेला,
जाळं फेकून दाखवलं, म्हणाला, हा घ्या.
साहेब चपला भिजतील म्हणून मागं सरकले.
दावा अजून तालुक्यातच आहे.

रकाना सात : लोकवाटा, दहा टक्के,
रोख अथवा वस्तुरूप, पावतीसह.
मग आठवू लागले.
खिरोदाबालानं सागाच्या पानात आणलेला रोहू,
अजून कल्ले हलवणारा.
"घे मा, वकिलीनबाईला डोकं दे, तिला विचार करावा लागते."
नितई मंडलची सायकल, जी प्रत्येक तारखेला
कुणाला तरी डबलसीट घेऊन
आष्टीच्या फाट्यापर्यंत गेली.
तपननं न मागितलेलं व्याज.
पावसाळ्यात छत गळलं तेव्हा
कुणी तरी रात्रीत ताडपत्री टाकून गेलं,
नाव अजून कळलं नाही.

लिहिलं : रोहू, एक नग, अंदाजे दीड किलो.
दर काय लावू?
खोडलं. पुन्हा लिहिलं.
खोडलेल्यावर सही लागते,
सही अध्यक्षांची, अध्यक्ष नागपूरला
लेकीच्या बाळंतपणाला.

बाहेर मोह टपटपतो आहे,
हिशेब नाही, पावती नाही,
बाया पहाटेपासून वेचताहेत.

रकाना पाच मी एकोणचाळीसवरच ठेवला.
प्रणोतीबाईंनी पाहिलं, चष्मा पुसला,
काही बोलल्या नाहीत.
टोनर मागवला, तपनचे निम्मे चुकते केले.

दारात एक पोरगी उभी, बारावीचा गणवेश,
काखेत तीच पत्र्याची पेटी.
जातीच्या दाखल्याला आजीचे कागद लागतात म्हणे.
नाव विचारलं, तर तिनं आधी विचारलं,
"मराठीत सांगू, का कागदावर आहे तसं?"

मग खोलीभर पाहून,
"केंद्र चालू आहे ना मॅडम?"

उद्यापर्यंत तरी आहे.
ये, बस.
पेटी इथं ठेव, त्या फॉर्मवर ठेवली तरी चालेल.